औषध, तंत्रज्ञान, संरक्षण: संशोधनाच्या तीन तऱ्हांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात पाषाणच्या बाजूला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) आहे, सूस रस्त्यावर राष्ट्रीय विषाणू संस्थेचं, म्हणजे एनआयव्हीचं, संकुल आहे, तोफा-रॉकेटांवर काम करणाऱ्या एआरडीई आणि एचईएमआरएल या संरक्षण-प्रयोगशाळा आहेत, आणि पंचवटीत संगणकांवर काम करणारं सी-डॅक. औषध, शस्त्र आणि संगणक या तिन्हींचं संशोधन थोडक्या किलोमीटरांत चालतं. तरी यातल्या एका संस्थेतल्या माणसाला दुसरीत नेऊन बसवलं, तर पहिले सहा महिने त्याला ‘इथं काम पुढे सरकतंय की नाही’ हेच कळणार नाही. अभियांत्रिकी आणि फार्मसीचे विद्यार्थी, नवउद्योजक आणि त्यांचे धास्तावलेले पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

तिन्हीकडे शास्त्रज्ञ, प्रयोगशाळा आणि पैसा असतोच. मग फरक नेमका कशात?

दोन गोष्टींत. चूक झाली तर ती कुणाला भोगावी लागते, आणि ‘हे तयार झालं’ असं म्हणायचा अधिकार कुणाकडे असतो.

औषधात चूक रुग्णाला भोगावी लागते आणि तयार झाल्याचा शिक्का नियामक मारतो, कंपनी नाही. सॉफ्टवेअरमध्ये कंपनी स्वतःच ठरवते आणि चुकलं तर पुढच्या अपडेटमध्ये निस्तरते. संरक्षणात विकत घेणारा एकच असतो आणि परीक्षकही तोच. शिवाय परीक्षा चालू असताना प्रश्नपत्रिका बदलायची मुभाही त्याला असते. खर्च, वेळ, पेटंट, गुप्तता हे बाकीचे फरक बहुतेक यातूनच निघतात.

औषधाला दहा-पंधरा वर्षं लागतात. एवढा वेळ नक्की कुठे जातो?

रेणू सापडायला वेळ लागतोच, पण खरा वेळ माणसांवरच्या चाचण्यांत जातो. आधी प्राण्यांवर. मग फेज वनमध्ये थोडे, बहुधा निरोगी स्वयंसेवक घेऊन सुरक्षितता पाहतात. फेज टूमध्ये काहीशे रुग्ण, डोस आणि परिणाम. फेज थ्रीमध्ये हजारो रुग्ण आणि तुलनेला दुसरा गट. फेज वनमध्ये शिरलेल्या दहा औषधांपैकी साधारण एकच बाजारापर्यंत पोचतं. उरलेल्या नवांचा खर्चही त्या एकाच्या किमतीत येतो. औषधांच्या किमतींवर तावातावानं बोलताना हा हिशेब सहसा विसरला जातो. कंपन्या मात्र तो कधीच विसरत नाहीत, उलट सोयीनं फुगवून सांगतात.

हे नियम कुणा बाबूच्या डोक्यातून निघालेले नाहीत. अमेरिकेत १९३७ साली सल्फानिलामाइडचं एक पातळ औषध विषारी द्रावकात बनवलं गेलं, त्यात शंभरावर माणसं गेली आणि पुढच्याच वर्षी सुरक्षिततेचा कायदा आला. गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधानं हजारो बाळं अपंग जन्मली, तेव्हा १९६२मध्ये औषध गुणकारी असल्याचा पुरावाही सक्तीचा झाला.

पण पूर्वी लसी झटपट व्हायच्या ना?

व्हायच्या. मुंबईत १८९६मध्ये प्लेग आला, तेव्हा वाल्देमार हाफकिन यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा मिळाली. काही महिन्यांत त्यांनी लस बनवली, १० जानेवारी १८९७ला स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर चाचणी केली. आजची कुठलीही एथिक्स कमिटी हा प्रस्ताव दारातूनच परत पाठवेल. कैद्याचा होकार म्हणजे होकार नव्हे, असंच ती म्हणेल.

पुढचा भाग कमी लोकांना ठाऊक असतो. १९०२मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला एकाच बाटलीतली लस टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं दगावली. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांचं पद गेलं, आणि बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. प्रत्येक बॅचची नोंद, सीलबंद बाटली, कुणी केव्हा उघडली याची सही, असली कंटाळवाणी कागदपत्रं तेव्हा असती तर निवाड्याला एवढी वर्षं लागली नसती.

मग कोविडची लस वर्षभरात कशी आली? म्हणजे एरवी उगाच वेळ काढतात?

उगाच नाही. एरवी एक टप्पा संपला, निकाल पाहिला, पैसे उभे केले, मग पुढचा टप्पा, असं चालतं. कोविडमध्ये टप्पे एकमेकांवर चढवले आणि कारखाने निकालाआधीच सुरू केले. लस फसली असती तर तयार डोस फेकून द्यावे लागले असते. ही जोखीम अमेरिकेत ‘ऑपरेशन वॉर्प स्पीड’मधून सरकारनं उचलली. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटनं स्वतःचा आणि बाहेरचा पैसा घालून परवानगीआधीच साठा केला. निकालाआधीच सरकारनं खर्चाचा भार उचलणं ही खरं तर संरक्षण-संशोधनाची रीत, ती औषधात आणली गेली.

दुसरं म्हणजे पाया आधीच तयार होता. कोविडच्या काही लसी ज्यावर बेतल्या त्या एमआरएनए तंत्रावरचा (पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू) कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांचा कळीचा शोधनिबंध २००५चा. नोबेल मिळालं २०२३ला.

घाईची किंमतही मोजली गेली. कोव्हॅक्सिनला जानेवारी २०२१मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा तिसऱ्या टप्प्यातले परिणामकारकतेचे आकडे हातात नव्हते. लस पुढे उपयोगी ठरली, पण तेव्हा झालेली टीका चुकीची होती असं मला वाटत नाही.

भारतीय औषध कंपन्या खरंच संशोधन करतात की नुसती नक्कल?

‘नुसती’ हा शब्द काढून टाका. १९७०च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या रेणूला पेटंट न देता फक्त तो बनवायच्या प्रक्रियेला दिलं. तोच रेणू वेगळ्या वाटेनं बनवणं कायदेशीर ठरलं आणि आपल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या वाटा शोधण्यात हयात घालवली. त्यातूनच स्वस्त जेनेरिक औषधांचा उद्योग उभा राहिला. २००५पासून रेणूलाही पेटंट मिळतं. तेव्हापासून मोठ्या कंपन्या मूळ संशोधनाकडे वळल्या खऱ्या, पण नव्वद टक्के अपयश पचवायला लागणारा पैसा आणि संयम अजून थोड्यांकडेच आहे.

स्वस्त हवं असेल तर संशोधनच वेगळ्या पद्धतीनं करता येतं का?

येतं, आणि याचं माझं आवडतं उदाहरण पुण्यातलं आहे. आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात मेंदूज्वराच्या साथी यायच्या. तिथल्या देशांनी आधीच सांगितलं की डोस पन्नास सेंटच्या वर गेला तर आम्हाला परवडणार नाही. मोठ्या कंपन्यांना त्यात रस नव्हता. मग डब्ल्यूएचओ आणि पाथ या संस्थेनं प्रकल्प उभारला, पैसे गेट्स फाउंडेशननं दिले, कॉन्जुगेशनचं, म्हणजे जंतूच्या कवचातली साखर प्रथिनाला जोडायचं, तंत्र अमेरिकेची औषध-नियामक संस्था एफडीएच्या प्रयोगशाळेतून आलं, आणि लस बनवायचं काम सीरमनं घेतलं. डिसेंबर २०१०मध्ये बुर्किना फासोत मेनअफ्रिव्हॅक या लसीचं लसीकरण सुरू झालं.

इथे किंमत आधी ठरली आणि संशोधन तिच्या मापानं बेतलं गेलं. एरवीच्या औषध उद्योगात बरोबर उलटं होतं. शस्त्रांत तर किंमत शेवटच्या दिवसापर्यंत कुणालाच ठाऊक नसते.

सॉफ्टवेअरवाले ‘आधी सोडा, मग दुरुस्त करा’ म्हणतात. तंत्रज्ञानातलं संशोधन मग सोपंच की!

सॉफ्टवेअरपुरतं हे बरंचसं खरं आहे. एकाच पानाच्या दोन आवृत्त्या लाखो लोकांना दाखवायच्या, जी चालली ती ठेवायची. औषधात हेच करायला कित्येक वर्षं आणि कोट्यवधी रुपये लागतात, इथे एक दुपार पुरते.

पण ही चैन चूक स्वस्त असेपर्यंतच. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सायबर-सुरक्षा कंपनीची एक सदोष अपडेट गेली आणि जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पडली. त्या दिवशी आपल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हातात पेनानं लिहिलेले बोर्डिंग पास होते.

शिवाय तंत्रज्ञान म्हणजे फक्त ॲप नव्हे. सर्वांत बारीक चिप बनवण्यासाठी लागणारं ईयूव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी सिलिकॉनवर नक्षी उमटवायचं, तंत्र घ्या. १९९०च्या दशकात इंटेल आणि अमेरिकी राष्ट्रीय प्रयोगशाळांनी मिळून त्यावर काम केलं, पुढे नेदरलँड्सच्या एएसएमएलनं ते नेटानं चालवलं, २०१२मध्ये इंटेल, सॅमसंग, टीएसएमसी या गिऱ्हाइकांनीच त्या कंपनीत पैसे घातले, आणि व्यापारी उत्पादन २०१९च्या आसपास सुरू झालं. औषधापेक्षाही लांबलेला प्रवास. त्यामुळे ‘तंत्रज्ञान उद्योगाची पद्धत’ असं कुणी सरसकट म्हणालं की आधी विचारावं: कोड की काच आणि सिलिकॉन?

‘परम’ महासंगणक यातल्या कुठल्या खान्यात बसतो?

सरकारी पैसा, ठरावीक मुदत, देशाची अडलेली गरज. म्हणजे धाटणी संरक्षणाची. अमेरिकेनं ताकदवान क्रे महासंगणक द्यायला नकार दिला, १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक उभं राहिलं आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये परम ८००० तयार झाला. पण काम करायची रीत मात्र तंत्रज्ञानवाल्यांची होती. नवी चिप घडवत बसण्याऐवजी बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर समांतर जोडले. जे विकत मिळतं ते घ्यायचं आणि जे मिळत नाही तेवढंच घडवायचं. हा विवेक प्रत्येक प्रकल्पात दिसता तर आपली पुष्कळ वर्षं वाचली असती.

डीआरडीओला इतका उशीर का होतो?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि बहुधा उत्तर आधीच ठरवून विचारलेला. डीआरडीओ म्हणजे संरक्षण खात्याची संशोधन संस्था. तिचं तेजस हे लढाऊ विमान १९८३ला मंजूर, पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ला, हवाई दलाच्या स्क्वाड्रनमध्ये २०१६ला. हे आकडे कुणी नाकारत नाही. कारणांत मात्र नुसती दिरंगाई नाही. एकाच वेळी नवं विमान, नवं इंजिन आणि नवी उड्डाण-नियंत्रण प्रणाली करायला घेतली. १९९८च्या अणुचाचण्यांनंतर निर्बंध आले आणि अमेरिकेत चाललेलं काम अडलं. कावेरी इंजिन जमलं नाही, म्हणून अमेरिकेच्या जीई कंपनीचं घ्यावं लागलं. त्यात लष्कराच्या अपेक्षांचा कागद, म्हणजे क्यूआर, काळाबरोबर लांबत जातो. दहा वर्षांपूर्वीची अपेक्षा पूर्ण होईपर्यंत शत्रूकडे पुढचं काही आलेलं असतं, त्यामुळे कागद बदलणारेही अगदीच चूक नसतात.

एटॅग्स तोफेचं पाहा. पाषाणच्या एआरडीईनं भारत फोर्ज आणि टाटा यांना सुरुवातीपासून बरोबर घेतलं, दोघांचे नमुने वेगळे बनले. १५५ मिलिमीटरची, ५२ कॅलिबरची (म्हणजे व्यासाच्या ५२ पट लांब) नळी, हालचालींना हायड्रॉलिकऐवजी विजेची यंत्रणा. २०१७मध्ये पोखरणला ४५ किलोमीटरच्या पुढे मारा झाला, मग सिक्कीमच्या थंडीत चाचण्या झाल्या. २०२०मध्ये पोखरणला चाचणी चालू असताना नळी फुटली. पुन्हा तपास, पुन्हा चाचण्या. १५ ऑगस्ट २०२२ला लाल किल्ल्यावर सलामी दिली, पण सैन्याचा करार व्हायला मार्च २०२५ उजाडला: ३०७ तोफा आणि त्या ओढणारी वाहनं, सुमारे ६,९०० कोटी रुपये.

सलामी आणि करार यांच्यामधली ती अडीच वर्षं बघा. तोफ पाहुण्यांसमोर वाजते, पण कारखान्याला ऑर्डर नाही. औषध कंपनीला मंजुरी मिळाली की दुसऱ्या दिवसापासून ती दुकानात माल ठेवू शकते. शस्त्रात मंजुरीनंतर किंमत-वाटाघाटी, मग अर्थ खातं, मग मंत्रिमंडळाची समिती. लहान पुरवठादार याच काळात मरतो.

मग खासगी कंपन्या स्वतःच्या हिमतीवर शस्त्र-संशोधन का करत नाहीत?

गिऱ्हाईक एकच, त्यानं नाही म्हटलं तर माल दुसऱ्याला विकायलाही सरकारचीच परवानगी. म्हणून जगभर संरक्षण-संशोधनात सरकार खर्च वाटून घेतं. आपल्याकडे संरक्षण-खरेदीतल्या ‘मेक-वन’ प्रकारात नमुन्याच्या खर्चाचा ७० टक्क्यांपर्यंत भाग सरकार देतं. ‘मेक-टू’मध्ये खर्च उद्योगाचा, सरकारकडून फक्त ऑर्डरची आशा.

आपण डार्पासारखी संस्था का काढत नाही?

अमेरिकी संरक्षण खात्याची संशोधनाला पैसे देणारी संस्था डार्पा आणि आपली डीआरडीओ, दोन्ही १९५८च्या. डीआरडीओकडे सुमारे पन्नास प्रयोगशाळा आहेत. डार्पाकडे स्वतःची एकही नाही. तिथे शंभरेक प्रोग्रॅम मॅनेजर तीन ते पाच वर्षांसाठी येतात, विद्यापीठांना आणि कंपन्यांना पैसे देतात आणि मुदत संपली की जातात. पेन्शनपर्यंत चालेल असा प्रकल्प तिथे कुणी आखूच शकत नाही.

अपयश उघड्यावर होऊ द्यायची तयारीही लागते. २००४मध्ये डार्पानं विनाचालक गाड्यांची वाळवंटात शर्यत ठेवली. सुमारे २३० किलोमीटरपैकी सर्वांत पुढे गेलेली गाडी बारा किलोमीटरही गेली नाही. बक्षीस कुणालाच नाही. पुढच्या वर्षी बक्षीस दुप्पट करून पुन्हा शर्यत लावली, आणि पाच गाड्यांनी ती पूर्ण केली. आपल्याकडे पहिल्या शर्यतीनंतर काय झालं असतं? लेखापरीक्षणाचा परिच्छेद, संसदेत प्रश्न आणि योजनेवर पडदा. डार्पाचा नमुना उचलायचा तर आधी हे बदलावं लागेल, नुसती नवी पाटी लावून उपयोग नाही.

युद्धासाठी केलेलं संशोधन सामान्य माणसाच्या कामी येतं का?

जीपीएस आणि इंटरनेट ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. कमी ठाऊक असलेलं: १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या इंटिग्रेटेड सर्किटांचं जवळजवळ सगळं उत्पादन सरकारच घेत होतं, अपोलो यानासाठी आणि मिनटमन क्षेपणास्त्रांसाठी. त्या खरेदीमुळे किंमत पडली आणि मग नागरी बाजार उघडला. मॉडर्नाला २०१३मध्ये डार्पानंच अडीच कोटी डॉलरपर्यंतचं अनुदान मंजूर केलं होतं.

आपल्याकडे डीआरडीओच्या प्रयोगशाळेनं डॉ. रेड्डीजबरोबर कोविडवर टू-डीजी औषध आणलं, मे २०२१मध्ये आणीबाणीची परवानगी मिळाली, आणि पुरावा तोकडा असल्याची टीका अनेक डॉक्टरांनी केली. संरक्षणातली ‘गरज तातडीची आहे, आत्ता द्या’ ही सवय दवाखान्यात जशीच्या तशी चालत नाही.

पेटंटचं काय?

तिन्हीकडे वेगळा खेळ. औषधात एक पेटंट म्हणजे अख्खा धंदा, म्हणून भांडणं कोर्टात जातात. बायरच्या कर्करोगावरील नेक्साव्हारचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. मार्च २०१२मध्ये भारतानं नॅटको या कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंट असूनही तेच औषध बनवायची मुभा, दिला आणि तो ८,८०० रुपयांवर आला. इलेक्ट्रॉनिक्समध्ये एका फोनमागे हजारो पेटंटं असतात, कंपन्या ती एकमेकींना वापरू देतात किंवा एकमेकींवर रोखून धरतात. संरक्षणात खरं महत्त्वाचं ते नोंदवतच नाहीत, कारण पेटंट म्हणजे कृती छापून जाहीर करणं.

भारतात या सगळ्याला पैसा पुरतो का?

नाही. संशोधनावरचा देशाचा एकूण खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के आहे आणि त्यात खासगी उद्योगाचा वाटा जेमतेम ३६ टक्के. पुढारलेल्या देशांत उद्योगच निम्म्याहून जास्त भार उचलतो. केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक संस्थांच्या खर्चापैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास रक्कम एकट्या डीआरडीओकडे जाते. जुलै २०२५मध्ये एक लाख कोटींच्या संशोधन-विकास-नवोन्मेष योजनेला मंजुरी मिळाली. ती मुख्यतः दीर्घ मुदतीच्या स्वस्त कर्जांची आहे, हे बातमीच्या मथळ्यात सहसा नसतं.

एक्स-रे वाचणारं एआय मी बनवतोय. मी सॉफ्टवेअरवाला की औषधवाला?

कायद्याच्या नजरेत वैद्यकीय उपकरणवाला. २०२०पासून रोगनिदानाचं सॉफ्टवेअरही उपकरणाच्या व्याख्येत येतं आणि २०१७च्या नियमांनुसार जोखमीप्रमाणे ए ते डी वर्ग पडतात. म्हणजे दर शुक्रवारी नवी आवृत्ती सोडायची सवय मोडावी लागेल. कुठला बदल किरकोळ, कुठल्या बदलाला पुन्हा मंजुरी, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा. आयआयटीतून आलेली हुशार मुलं नेमकी इथेच अडकतात, कारण कोड चांगला असूनही कुठल्या आवृत्तीवर चाचणी झाली ते त्यांना दाखवता येत नाही.

कल्पना आहे, पैसे नाहीत. कुठे जायचं?

जैव-वैद्यकीय असेल तर बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचं ‘बिग’ अनुदान, दीड वर्षासाठी ५० लाखांपर्यंत. पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर यासाठी मदत करतं. संरक्षणासाठी संरक्षण खात्याची आयडेक्स योजना, दीड कोटींपर्यंत, त्याच्या प्राइम प्रकारात दहा कोटींपर्यंत. आयडेक्समध्ये तुमचाही वाटा घालावा लागतो आणि सैन्यानं जाहीर केलेल्या समस्येवरच अर्ज करणं सोपं जातं. निव्वळ सॉफ्टवेअर असेल तर अनुदानाच्या मागे लागून वर्ष घालवू नका, पैसे देणारी दोन गिऱ्हाइकं शोधा.

अर्जात टीआरएलचा रकाना असतो: नासाकडून आलेली एक ते नऊ अशी तयारीची पायरी. तिथे खोटं लिहू नका. प्रयोगशाळेतल्या टेबलावर चालणारं यंत्र चौथ्या पायरीवर असतं. त्याला सातवी लिहिलीत तर पाहणीला आलेला कर्नल पहिल्याच मिनिटाला म्हणेल, ‘चला, बाहेर उन्हात नेऊन चालवून दाखवा.’

नोकरीसाठी तिन्हींपैकी कुठे जावं?

नावानिशी शोधनिबंध छापून यावेत ही ओढ असेल तर संरक्षणात घुसमट होईल. पाच-सात वर्षं राबून प्रकल्प बंद पडला तरी झोप लागणार असेल तर औषध. दर दोन वर्षांनी नवं शिकायचा कंटाळा नसेल तर सॉफ्टवेअर. आणि मुलाखतीत पगाराआधी एक गोष्ट जरूर विचारा: तुमच्याकडचा शेवटचा प्रकल्प कुणी बंद केला आणि का? ज्या संस्थेत याचं सरळ उत्तर मिळत नाही, तिथे प्रकल्प बंद होत नाहीत, नुसते पडून राहतात.